मनातलं ऐकू येणारा, टीमने हाकलून दिलेला कडवट व्हिलन कसा लिहायचा

सुपरहिरो सिरीज लिहायला घेतली की मनं वाचणारा एखादा व्हिलन हवाच असं सगळ्यांना वाटतं, कारण त्याला उडवायला लागत नाही, गाड्या फोडायला लागत नाहीत, एक माणूस टक लावून बघतोय आणि समोरच्याच्या नाकातून रक्त येतंय, झाला सीन. पण असली बरीच कॅरेक्टर्स तिसऱ्या एपिसोडपर्यंत कंटाळा आणायला लागतात, आणि त्याचं कारण म्हणजे त्याचा कडवटपणा नेमका कुठून आला हे रायटरने ठरवलेलंच नसतं. लहानपणी सगळे त्याला विचित्र म्हणायचे, एवढ्यावर नाही भागत हो. विचित्र तर आपल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी म्हणून झालेलं असतं.

तर सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. त्याला जे ऐकू येतं ते खरं असतं, पण पूर्ण नसतं. माणसाच्या डोक्यात दिवसभरात काय वाट्टेल ते येऊन जातं, आजारी माणसाची सेवा करताना "सुटेल एकदाचा तर बरं" हेही येतं आणि त्याच मिनिटाला तोच माणूस उठून त्याला औषध देतो. जगाला फक्त औषध दिसतं. तुमच्या कॅरेक्टरला मात्र ते वाक्य ऐकू गेलेलं असतं आणि तो तिथेच अडकतो, औषधाकडे बघतच नाही. डोक्यातून नुसता जाऊन आलेला विचार म्हणजे त्या माणसाचा शेवटचा निर्णय, असं तो धरून चालतो. त्याचा सगळा कडवटपणा इथून काढा म्हणजे तो खोटा वाटणार नाही, कारण त्याच्याकडे पुरावा आहे, तो काही मनाने रचत नाहीये. लोक पोटात एक ओठात एक ठेवतात हे आपल्याला अंदाजाने माहीत असतं, त्याला शब्दासकट माहीत असतं.

आता पॉवरचे नियम. हे कंटाळवाणं काम वाटतं पण आधी करून टाका नाहीतर पुढे फार रडायला लागतं. किती अंतरावरून ऐकू येतं, भिंतीतून येतं का, झोपलेल्या माणसाचं येतं का, फक्त ऐकू येतं की समोरच्याला हुकूमही देता येतो, आणि वापरल्यावर शरीराला काय भोगावं लागतं. नियम शक्यतो असा निवडा की तो माणसात दिसेल. 2023 मध्ये आलेल्या जेन व्ही या सुपरहिरो सिरीजमधली केट बघा, तिचा हात लागला की समोरचा ती सांगेल ते करतो, म्हणून ती हातमोजे घालून फिरते. लहानपणी ती रागात भावाला निघून जा म्हणाली आणि तो खरंच निघून गेला, परत सापडलाच नाही, आणि मग आईवडिलांनी तिला खोलीत बंद करून ठेवलं. इथे नियम, कपडे आणि जखम तिन्ही एकाच गोष्टीत आलंय, वेगळं काही समजावत बसायची गरजच नाही. ती मोजे काढायला लागली की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

मग येतो टीममधून हाकलण्याचा सीन, आणि यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. नेहमीचा सीन कसा असतो, सगळे टेबलाभोवती बसलेत, लीडर म्हणतो आम्हाला तुझी भीती वाटते, हा ओरडतो मी तुमच्यासाठी एवढं केलं, टेबल उलटतं, लाइट फुटतात. यात तो मनं वाचतो याचा उपयोगच नाही, कुठलाही चिडका माणूस चालला असता. त्यापेक्षा असं करून बघा. मीटिंग ठरायच्या आधीच त्याला सगळं कळलंय. तो तरी येतो, वेळेवर येतो, नेहमीच्या खुर्चीत बसतो. लीडर गोड शब्दांत सुरुवात करते, काही दिवस ब्रेक घे, तुझ्याच भल्यासाठी, आणि तिच्या मनात चाललंय की लवकर संपू दे, पाय दुखतायत. तिच्या बाजूला बसलेल्या, याच्या जुन्या मित्राच्या मनात फक्त एक गाण्याची ओळ परत परत चाललीय. हा ओळखतो की तो गाणं मुद्दाम म्हणतोय, काहीतरी झाकायला. आणि तो ते झाकलेलं काय आहे हे बघायला जात नाही. जाऊ शकत असून जात नाही. "ठीक आहे" म्हणतो, उठतो, खुर्ची आत सरकवतो. या सीनमध्ये एकही ग्लास फुटलेला नाही पण तो पुढच्या सीझनमध्ये त्या मित्राच्या घरी जाईल तेव्हा प्रेक्षकाला नेमकं माहीत असेल की तो कशासाठी आलाय, ते गाण्याखालचं बघायला आलाय.

विचार लिहिताना पूर्ण वाक्यं लिहू नका हे तर सांगायलाच नको, पण लोक तरी लिहितात. "मला याच्यावर विश्वास नाही कारण याने मागच्या वेळी आपल्याला फसवलं" असा विचार कोणी करत नाही. विचार तुटका असतो, मध्येच गॅस बंद केला का हे असतं, एखादा चेहरा असतो, एखादा वास असतो. तिथे त्याच्याबद्दलचा विचार दोन शब्दांचा ठेवा. "हाच का." "अजून इथेच." दोन शब्द लांबलचक शिवीपेक्षा जास्त लागतात. आणि व्हॉइस ओव्हर जपून वापरा, एका सीनमध्ये एका माणसाचाच आवाज ऐकवा, बाकीच्यांचं काय चाललंय ते त्याच्या चेहऱ्यावरून कळू दे. सगळ्यांचेच आवाज एकावर एक चढवून गोंगाट करायचा प्रकार पहिल्या एपिसोडमध्ये एकदा चालतो, पॉवर नवीन असताना, नंतर तो नुसता आवाज होतो.

वागण्यातल्या बारीक गोष्टी शोधा. समोरच्याने विचारायच्या आधीच उत्तर देणं हे सगळेच दाखवतात, पण माझ्या मते खरा वाळीत पडलेला माणूस याच्या बरोबर उलट शिकलेला असणार. त्याने त्यासाठी लहानपणी मार खाल्लाय. तो आता थांबतो, समोरच्याला त्याचं खोटं पूर्ण बोलू देतो, मान डोलावतो. जोक सांगितला जात असताना शेवट त्याला आधीच माहीत असतो म्हणून तो मनात एक-दोन मोजून मग हसतो, आणि कधीतरी दमलेला असताना हे मोजायचं राहून जातं आणि तो जोक संपायच्या आधीच हसतो, आणि खोलीत सगळे गप्प होतात. हे लिहायला चार ओळी लागतात आणि त्याचं अख्खं आयुष्य त्यात येतं.

त्याची कहाणी दोन बाजूंनी लिहून ठेवा, एक तो सांगतो ती आणि एक बाकीचे सांगतात ती, आणि दोन्हीत खरेपणा ठेवा. 2015 च्या जेसिका जोन्स या सिरीजमधला व्हिलन किलग्रेव्ह हुकूम देणारा आहे, मनं वाचणारा नाही, पण हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. तो स्वतःच्या लहानपणचे व्हिडिओ दाखवतो, आईवडील त्याच्यावर प्रयोग करतायत, मूल किंचाळतंय, आणि आपल्याला त्याची दया येते. पुढे आईवडील सापडतात आणि कळतं की त्याला मेंदूचा जीवघेणा आजार होता, ते त्याला वाचवायला बघत होते, आणि ते पळाले कारण त्या पोराने चिडून आईला गरम इस्त्री स्वतःच्या चेहऱ्यावर दाबायला लावली होती. व्हिडिओ खोटे नव्हते. फक्त अर्धे होते. तुमच्या व्हिलनलाही असाच खरा पण अर्धा पुरावा द्या, आणि उरलेला अर्धा सीझनच्या मध्यावर कोणाच्या तरी तोंडून बाहेर काढा, अगदी शेवटी काढलात तर त्याचं काही करायला वेळ उरत नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच्याबद्दल वाईट वाटायला लावा पण त्याने जे केलं ते सोडून देऊ नका. कोणाच्या मनात न विचारता शिरणं ही चोरी नाही, त्याहून वाईट आहे, आणि स्क्रिप्टने ते वाईटच म्हणून दाखवलं पाहिजे. लीजन या सिरीजमध्ये, 2017 ते 2019, तीन सीझन, मनं वाचणाऱ्या डेव्हिड हॅलरच्या डोक्यात लहानपणापासून दुसरंच कोणीतरी बसलेलं असतं, आपण त्याच्या बाजूने असतो, आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो ज्या मुलीवर प्रेम करतो तिची आठवण बदलतो आणि मग तिच्याशी जवळीक करतो. सिरीज तिथे डोळेझाक करत नाही, त्याला समोर उभं करून त्याला सांगितलं जातं की तू काय केलंस, आणि त्याला ते पटतच नाही कारण तो स्वतःला चांगला माणूस समजतो. स्वतःचा दुखावलेपणा पुढे करून तो सगळं माफ करून घेऊ बघतो. हे लिहायला धीर लागतो कारण प्रेक्षक चिडतात, तरी लिहा. आणि त्याच ओघात, मानसिक आजार आणि पॉवर यांची सरमिसळ करू नका. आवाज ऐकू येणारी खरी माणसं ही सिरीज बघणार आहेत आणि त्यातली बहुतेक कोणालाही त्रास देत नाहीत.

प्लॉटमधलं भोक बुजवायचं राहिलं. याला सगळं ऐकू येतं तर हिरोचा प्लॅन त्याला कळत कसा नाही? मनात भिंत बांधली, विचार अडवणारी टोपी घातली, ही उत्तरं एखाद्या वेळी चालतात पण ती वरून चिकटवल्यासारखी दिसतात. माझा सल्ला, प्लॅनचे तुकडे करा आणि चार जणांना एकेक द्या, पूर्ण प्लॅन कोणालाच माहीत नाही. किंवा त्याहून चांगलं, त्याच्या मूळ चुकीचाच वापर करा. हिरॉइन त्याच्यासमोर उभी आहे, तिच्या मनात स्पष्ट आहे की मी याला मारणार, तो ते ऐकतो आणि तयार होतो. ती मारत नाही. तिने विचार केला होता, ठरवलं नव्हतं. तो आयुष्यात पहिल्यांदा चुकीच्या बाजूला उभा सापडतो, आणि त्याचं हरणं त्याच्या स्वभावातूनच येतं.

टोन विनोदी ठेवायचा असेल तरी हाच सांगाडा चालतो. 2019 च्या हार्ली क्विन कार्टूनमधला, लोकांची मनं ताब्यात घेणारा व्हिलन डॉक्टर सायको, जो कॉमिक्समध्ये 1943 पासून आहे, तो टीव्हीवर लाइव्ह भांडताना वंडर वुमनला घाणेरडी शिवी देतो म्हणून त्याला व्हिलन लोकही हाकलतात आणि बायकोही सोडते. तिथे लिहिणाऱ्यांनी त्याला बिचारा नाही केला, तो स्वतःच्या तोंडामुळे बाहेर पडलाय, पण हार्लीच्या नव्या टीममध्ये आपल्याला किंमत नाही ही त्याची सल खरी आहे आणि तो उलटतो तो त्यावरूनच.

सीझनच्या शेवटी त्याची पॉवर काढून घेऊन त्याला बरा करू नका, तो सोपा रस्ता आहे. पॉवर राहू द्या, आणि त्या मित्राला परत समोर आणा, या वेळी गाणं न म्हणता. मित्राच्या मनात भीतीही असू दे, रागही असू दे, आणि तो तरी दार उघडून बाजूला सरकू दे. आत जायचं की नाही हे तुमच्या व्हिलनने त्या वेळी काय ऐकलं यावर ठरवू नका, त्याने काय बघितलं यावर ठरवा, आणि ते उत्तर पुढचा सीझन लिहायला बसाल तेव्हाच पक्कं करा.