मेंदूच्या पेशीपटलांतून डिटर्जंटच्या साहाय्याने लिपिड राफ्ट वेगळे करण्याची पद्धत

पेशीपटलाचे जे भाग कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड यांनी समृद्ध असतात, त्यांना लिपिड राफ्ट म्हणतात; ते ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटच्या थंड द्रावणात सहसा विरघळत नाहीत आणि त्यांची घनता कमी असल्यामुळे सुक्रोजच्या द्रावणात वर तरंगतात. पुढील सर्व कृती या दोन गुणांवर आधारलेली आहे.

मेंदूच्या बाबतीत पहिली अडचण मायलिनची, म्हणजे चेतातंतूंभोवतीच्या आवरणाची, येते. तेही लिपिडने भरलेले आणि हलके असल्यामुळे राफ्टच्याच पट्ट्यात येऊन बसते, आणि मग चेतापेशींचे म्हणून मोजलेले कोलेस्टेरॉल प्रत्यक्षात मायलिनचे निघते. म्हणून ऊती ०.३२ मोलर सुक्रोजमध्ये, प्रोटिएज-रोधके (प्रथिने तोडणाऱ्या विकरांना रोखणारी द्रव्ये) घालून, काचेच्या होमोजिनायझरने बर्फावर एकजीव करावी. सेंट्रिफ्यूजमध्ये १,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) वेगाने १० मिनिटे फिरवून केंद्रके व न फुटलेल्या पेशी काढून टाकाव्यात आणि वरचा द्रव ०.८५ मोलर सुक्रोजवर अलगद सोडून ७५,००० जी वेगाने ३० मिनिटे फिरवावा. दोन थरांच्या सीमेवर जमलेले मायलिन काढून तळाचा साका घ्यावा. यात काही हलकी पटलेही गमावली जातात, परंतु तो तोटा पत्करण्यासारखा आहे.

साका बफरमध्ये मिसळून प्रथिनांचे प्रमाण मोजावे आणि ट्रायटन १ टक्का असताना ते मिलीलिटरला २ मिलिग्रॅम राहील, म्हणजेच डिटर्जंट प्रथिनाच्या पाचपट असेल, असे पाहावे. बहुतेक फसलेल्या प्रयोगांचे मूळ याच गुणोत्तरात असते, असे माझे मत आहे; कारण डिटर्जंट कमी पडला तर सामान्य पटलेही न विरघळता तरंगतात आणि निकाल वरवर उत्तम दिसतो. मिश्रण ४ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवावे. नळ्या, बफर आणि रोटर आधीच थंड केलेले असावेत, कारण तापमान ३७ अंशांकडे गेले की राफ्टचाही बराच भाग विरघळतो.

आता २ मिलीलिटर मिश्रणात तेवढेच ८० टक्के सुक्रोज मिसळून ते नळीच्या तळाशी घालावे. त्यावर ३० टक्क्यांचे ५ आणि ५ टक्क्यांचे ३ मिलीलिटर द्रावण हळूहळू सोडावे. सुमारे २,००,००० जी वेगाने, ४ अंशांना, १६ ते १८ तास फिरवल्यावर ५ आणि ३० टक्क्यांच्या सीमेवर दुधट पट्टा दिसतो. वरून एकेक मिलीलिटरचे १२ अंश (भाग) गोळा केले, तर तो तिसऱ्या-चौथ्या अंशात येतो.

राफ्टची ओळख पटवण्यासाठी फ्लोटिलिन-१ किंवा थाय-१ ही त्यांत आढळणारी प्रथिने वापरावीत. चेतापेशींत केव्हिओलिन हे प्रथिन जवळजवळ नसतेच, त्यामुळे इतर ऊतींसाठी लिहिलेल्या कृतींतील तो निकष येथे उपयोगाचा नाही. राफ्टबाहेरच्या पटलातील ट्रान्सफेरिन रिसेप्टर हे प्रथिन मात्र तळाच्या अंशांतच राहिले पाहिजे. ब्रिज किंवा चॅप्स हे दुसरे डिटर्जंट वापरल्यास तरंगणाऱ्या प्रथिनांची यादी बदलते, त्यामुळे दोन डिटर्जंटांचे निकाल एकमेकांत मिसळू नयेत. शिवाय थंडी आणि डिटर्जंट यांमुळे मुळात वेगळे असलेले भाग एकत्र येऊ शकतात. म्हणून हा पट्टा जिवंत पेशीतील रचनेची हुबेहूब प्रत मानू नये.

याच पटलांचा एक वाटा डिटर्जंट घालण्यापूर्वी मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने कोलेस्टेरॉल कमी करून समांतर चालवावा. त्यात थाय-१ बऱ्याच अंशी खाली सरकायला हवे. ते जागचे हलले नाही आणि ट्रान्सफेरिन रिसेप्टरही वर दिसला, तर प्रथिन आणि डिटर्जंट यांचे गुणोत्तर पुन्हा तपासावे.