मुलांसाठी कॉम्प्युटरवर रांगोळी काढायचा प्रोग्रॅम, घरच्या घरी

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मोबाईलपासून लांब कसं ठेवायचं हा प्रश्न पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असतोच, तर त्यांना स्वतःचा ड्रॉइंगचा प्रोग्रॅम बनवू द्या, आठ-नऊ वर्षांचं मूल शेजारी बसवलं तर एका दुपारचं काम आहे.

यासाठी स्क्रॅच वापरायचं, हे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं साधन आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये आणलेलं, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, कोड टाइप करायचा नाही, ठोकळे जोडायचे. लॉगिन नाही केलं तरी चालतं. लॉगिन नसेल तर फाइल मेनूतून प्रोजेक्ट कॉम्प्युटरवर सेव्ह करा. मोबाईलवर मात्र नको, लॅपटॉप घ्या आणि शक्यतो वेगळा माऊस लावा, टचपॅडवर लहान बोटांना दाबून ओढणं फार अवघड जातं.

आधी खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणावरून पेन एक्स्टेन्शन, म्हणजे रेघा काढायचे जादा ठोकळे, घ्या. बॅकड्रॉप, म्हणजे मागचा पडदा, गेरूच्या रंगाचा करा, त्यावर पांढरी रेघ काय उठून दिसते! मग आधीपासून असलेला मांजराचा स्प्राइट, म्हणजे स्क्रीनवरचं हलवता येणारं चित्र, ठेवा तसाच, हीच आपली पेन्सिल, फक्त त्याला हाइड करा म्हणजे लपवा, लपलेला स्प्राइट सुद्धा रेघ काढतो. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर मांजर सतत माऊसखाली येतं आणि रंगांच्या बटणांवर क्लिकच होत नाही.

आता या मांजराचे ठोकळे. हिरवा झेंडा दाबल्यावर हाइड, इरेज ऑल, पेनचा रंग पांढरा, साइज ४. त्याखाली फॉरेव्हर, म्हणजे आतलं काम सतत करत राहणारा ठोकळा, आणि त्याच्या आत आधी गो टू एक्स-वाय, त्यात माऊस एक्स आणि माऊस वाय टाका, मग इफ-एल्स: माऊस डाऊन असेल तर पेन डाऊन, नाहीतर पेन अप. क्रम हाच ठेवा, पेन डाऊन आधी घातलं तर कधीकधी नको असलेली रेघ ओढली जाते. झेंडा दाबा आणि माऊस मुलाच्या हातात द्या, लगेच, पुढचं सगळं नंतर.

रंगांसाठी छोटे गोल स्प्राइट काढा, क्लिक झाल्यावर प्रत्येकाने एक मेसेज ब्रॉडकास्ट करायचा, म्हणजे सगळ्या स्प्राइट्सना पाठवायचा, लाल, पिवळा वगैरे, नाव मराठीत दिलेलं चालतं. पेन्सिलीच्या स्प्राइटला तो मेसेज मिळाला की तिने सेट पेन कलर करायचं. खोडरबर म्हणजे गेरूच्याच रंगाचा जाड पेन. स्पेस दाबली की इरेज ऑल.

आणि आता खरी मजा. स्क्रॅचचं स्टेज, म्हणजे चित्र उमटतं ती जागा, ४८० बाय ३६० असतं आणि शून्य बरोब्बर मध्यभागी, म्हणून नुसतं उणे केलं की आरसा मिळतो. पेन्सिल डुप्लिकेट करा, तिच्यात एक्सच्या जागी ० वजा माऊस एक्स. तिसरीत वाय उणे, चौथीत दोन्ही उणे. रंगांचे मेसेज चौघींना आपोआप मिळतात, म्हणूनच डुप्लिकेट करायचं ते रंग झाल्यावर. मूल एक पाकळी काढतं आणि चार उमटतात, त्यावेळी त्यांचे चेहरे बघाच! अजून चार पेन्सिली करून एक्स आणि वाय अदलाबदल केले तर आठ पाकळ्या, फक्त मग मधल्या चौकोनातच काढायचं कारण वर-खाली जागा १८० पर्यंतच असते. उणे संख्या शाळेत यायच्या आधीच मुलांना हाताने कळतात, मला तर या सगळ्यात हेच सगळ्यात आवडतं.

काढायला बसताना फुल स्क्रीन करा, एडिटरमध्ये ओढलं तर रंगांची बटणं जागेवरून सरकतात. आणि झालेल्या रांगोळीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, प्रोजेक्ट सेव्ह केला तरी पेनच्या रेघा त्यात राहत नाहीत.