मनगटाचं हाड निखळून महिने झालेत? ऑपरेशनआधी हे वाचा

आमचे काका रावेरजवळ मोटरसायकलवरून पडले, हात टेकला, मनगट सुजलं, सगळे म्हणाले मुरगळलं असेल भो, मग मालिश-पट्टीत चार महिने गेले आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा कळलं की लुनेट नावाचं छोटं हाड जागेवरून सरकून तळहाताच्या बाजूला आलंय.

आधी एक्सरे, आणि तो साइडने काढलेला हवाच. समोरून काढलेल्यात मनगटाची 8 हाडं एकमेकांवर येतात नि हे चुकतं, साइडने मात्र लुनेट कलंडलेल्या कपासारखं दिसतं. शेजारचं स्केफॉइड नावाचं हाड मोडलंय का ते बघायला सीटी स्कॅनही करायला लावतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, तिथली नस दबलेली असते.

ताजं असेल तर हाड ओढून बसवता येतं, पण जुन्यात आजूबाजूचं सगळं आखडतं, मधे कडक टिश्यू भरतो, मग उघडावंच लागतं. काही सर्जन आधी थोडे दिवस बाहेरून फिक्सेटर (हाडात पिना घालून बाहेर बसवलेली चौकट) लावून सांधा हळूहळू ताणतात, मग मनगट मागून आणि बऱ्याचदा पुढूनही उघडून टिश्यू साफ करतात, हाड बसवतात, लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारे पट्टे) शिवतात, हाड धरून ठेवायला तारा घालतात आणि पुढूनच नस मोकळी करतात. तारा साधारण 2 ते 3 महिने राहतात.

कूर्चा (हाडांच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) झिजली असेल तर हाड बसवून फायदा नाही. मग स्केफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रम ही 3 हाडं काढून टाकतात, ऐकून काका घाबरले होते, पण मनगट बऱ्यापैकी हलतं आणि दुखणं कमी होतं. मात्र त्यासाठी मनगटाच्या मधल्या कॅपिटेट हाडाचं डोकं चांगलं हवं. तेही खराब असेल तर प्लेट टाकून मनगट कायमचं जाम करतात, वाकत नाही पण बोटं चालतात, पकड टिकते. म्हणून तुम्ही काय काम करता ते डॉक्टरांना नीट सांगा, केळीचे घड उचलणाऱ्याची गरज वेगळी, दुकानात बसणाऱ्याची वेगळी.

खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड, आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या (सरकारी आरोग्य योजना) हॉस्पिटलात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे योजनेची मदत करणाऱ्याला, भेटा, ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा. ऑपरेशन झालं की हात उशीवर उंच ठेवायचा आणि बोटं डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून हलवायची, दुखतं म्हणून थांबलात तर बोटंही आखडतात, काकांची करंगळी तशीच राहिली होती, ती सुटायला फिजिओथेरपीचे दोन महिने गेले.