पक्ष्यांच्या फोटोत आभाळ बदलायचं सॉफ्टवेअर घेताय? या चुका टाळा

"यात तयार आभाळं किती येतात?" सॉफ्टवेअर घेताना नवे लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि तिथेच निवड चुकते. आभाळाचे फोटो तुम्ही स्वतः काढू शकता. पैसे मोजायचे ते मास्कसाठी, म्हणजे फोटोचा कुठला भाग झाकायचा आणि कुठला दाखवायचा हे ठरवणाऱ्या पडद्यासाठी. पक्षी कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, हे सॉफ्टवेअरला किती नीट कळतं ते बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जाहिरातीतला नमुना पाहून खरेदी करणं. नमुन्यात डोंगर असतो, समुद्र असतो, फार तर इमारत. तसली कड कुणालाही कापता येते. खरा कस लागतो तो पंखांच्या टोकाच्या विरळ पिसांवर, काडीसारख्या पायांवर आणि फांद्यांमधल्या फटींवर. ओळखीतल्या एका मुलाने उजनी धरणाच्या काठी, भिगवणला टिपलेल्या रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यामागचं पांढरं आभाळ एका क्लिकमध्ये बदललं. मोबाइलवर झकास दिसत होतं, म्हणून त्याने प्रदर्शनासाठी मोठी प्रिंट काढली, फ्रेमही करून घेतली. प्रिंटमध्ये प्रत्येक पंखाभोवती पांढरी किनार, दोन पक्ष्यांचे पाय अर्धे गायब, आणि वर केशरी संध्याकाळ असताना खाली उजनीचं पाणी भर दुपारचं. शेवटी आम्ही मूळ फाइल उघडून एकेक पाय मास्कवर ब्रशने परत आणला. केशरी आभाळ काढून फिकट निळं टाकलं, तेव्हा कुठे पाण्याशी जुळलं. एका क्लिकची घाई आणि त्यापायी अख्खी रात्र!

म्हणून मी चाचणी आवृत्तीत आधी माझा सर्वांत अवघड फोटो टाकतो. मागे मुद्दाम गडद निळं आभाळ लावतो आणि २०० टक्के झूम करून कडा बघतो. पांढरी किनार लगेच उघडी पडते. फोटोशॉपमध्ये २०२० पासून स्काय रिप्लेसमेंट, म्हणजे आभाळ बदलायची सोय आहे. त्यात आभाळ आणि मास्क वेगळ्या लेयरवर (थरावर) मिळतात, हाताने दुरुस्त करता येतात. माझा कौल त्यालाच. ल्युमिनार निओ झटपट काम करतं, पाण्यात नव्या आभाळाचं प्रतिबिंबही टाकतं, पण बारीक पिसं मी त्याच्या भरवशावर सोडत नाही. गिंपमध्ये सगळं हाताने करावं लागतं. पण ते फुकट आहे, आणि मास्किंग शिकायला नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

लाइटरूम आभाळ निवडून देतं, बदलून देत नाही. घेण्याआधी एवढं वाचा.

दुसरी चूक मला जास्त खुपते. पक्षी टिपलेला दूरचं जवळ आणणाऱ्या ६०० मिमी लेन्सने आणि मागे मोठा आवाका घेणाऱ्या वाइड अँगल लेन्सचं आभाळ! फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिमीला आडवा आवाका जेमतेम साडेतीन अंशांचा असतो आणि सूर्य साधारण अर्ध्या अंशाचा. म्हणजे सूर्य फ्रेममध्ये आलाच, तर रुंदीचा सहावा-सातवा हिस्सा त्याचाच. भोवत्या (हॅरियर) या शिकारी पक्ष्याच्या पंखामागे टिकलीएवढा सूर्य आणि क्षितिजभर पसरलेले, कापल्यासारखे स्पष्ट ढग दिसले की फोटो खोटा वाटतो. मी त्याच लेन्सने, त्याच वेळेला, उजेडाची दिशा बघून आभाळ टिपून ठेवतो आणि लावताना ते थोडं ब्लर करतो. स्वतःची आभाळं भरता येत नसतील, तर ते सॉफ्टवेअर घेऊच नका.

पक्षी आयएसओ ३२०० चा, म्हणजे कमी उजेडात वाढवलेल्या संवेदनशीलतेमुळे दाणेदार, आणि आभाळ गुळगुळीत असेल, तर आभाळावरही तसे दाणे (नॉइज) टाका. रंगछटा कमी असलेल्या ८ बिट जेपेगवर आभाळ बदलायचं काम करू नका, आभाळात पट्टे उमटतात.

आणि स्पर्धा. पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) आणि फियाप (छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांच्या नियमांनी होणाऱ्या स्पर्धांच्या नेचर विभागात आभाळ बदललेला फोटो चालत नाही. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेतही नाही; तिथे पुढच्या फेरीत मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदवलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) मागतात. असा फोटो कुठेही टाकताना "आभाळ बदललेलं आहे" हे फोटोखालीच लिहा आणि मूळ रॉ फाइल जपून ठेवा.