नदीचं पाणी तपासताय? या चुका टाळा

उन्हाळ्यातली दुपार, तीनचा सुमार. पुण्यात मुळा नदीच्या काठावर कॉलेजची मुलं हिरवट, वासाचं पाणी बाटलीत भरतात. मीटर सांगतो, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 11 मिलिग्रॅम. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अट किमान 5 ची, म्हणजे इथे दुपटीहून जास्त! नदी सुधारली म्हणून फोटोही निघतात.

मीटर खोटं बोलत नसतो, पण मुलं चुकीच्या वेळी आलेली असतात. 30 अंश तापमानाच्या पाण्यात समुद्रसपाटीला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, पुण्याच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. मग 11 आला कुठून? शैवालातून. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेलं शैवाल उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच तो ओढून घेतं. त्याच जागी पहाटे, उजाडायच्या आत मोजा. मासे मरतात ते त्या वेळी. पीएचचं, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी त्या मापाचंही तसंच: शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचतं, म्हणून दुपारी पीएच चढतो. कारखान्याने काही सोडलं असा आरोप करण्याआधी सकाळचा आकडा घ्या. दुपारच्याच एका आकड्यावर नदीला शाबासकी देणं ही मला सगळ्यात महाग पडणारी चूक वाटते, कारण आजारी पाणीच तिथे सुदृढ दिसतं.

दुसरी चूक जागेची. बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तिथे हवा मिसळते, लगेच खाली मोजलं तर ऑक्सिजन छान येतो. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला तेच पाणी साचून कुजत असतं. संगमावर तर हमखास फसगत होते. दोन नद्या भेटल्या की पाणी लगेच एकजीव होत नाही, बरंच अंतर दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. पुण्यात संगमाच्या जरा खाली डाव्या काठाला बाटली बुडवली तर मुळेचं पाणी येईल, उजव्या काठाला मुठेचं. मुळा-मुठेचा म्हणून एक आकडा हवा असेल तर आणखी खाली जा, आणि काठावरून न घेता पात्राच्या मध्यावर, पृष्ठभागाखाली साधारण 30 सेंटिमीटरवर, प्रवाहाकडे तोंड करून घ्या.

घरच्या आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर नदीवर नेणारेही भेटतात. तो फक्त क्षार सांगतो, जंतू किंवा मैला त्याला कळत नाही. पावसाळ्यातल्या नाल्याचा टीडीएस कमी येईल, म्हणून ते पाणी पिणार का? शिवाय क्षारांचा बराचसा भाग खडक ठरवतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट येतातच. कोकणात जांभ्यावरून येणारं पाणी त्या मानाने मऊ. दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडून एक नदी घाण, दुसरी स्वच्छ ठरवणं म्हणजे खडकांची तुलना झाली. तुलना त्याच नदीच्या वरच्या, वस्ती सुरू होण्याआधीच्या पाण्याशी करा.

आता ऋतू. गढूळ म्हणजे घाण आणि नितळ म्हणजे चांगलं, हा समज काही केल्या जात नाही. जूनच्या पहिल्या जोरदार सरी रस्त्यावरचं तेल, शेण, कचरा, शेतातलं खत असं साठलेलं सगळं एकदम नदीत आणतात. तो दिवस वर्षातल्या वाईट दिवसांत मोडतो. ऑगस्टमध्ये पाणी मातकट असतं, पण सांडपाणी त्यात पातळ झालेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये खडकवासला धरणाचं पाणी कालव्याने निघून जातं आणि खाली मुठेच्या पात्रात वाहतं ते बहुतांशी शहराचं सांडपाणीच. जूनचा एक आणि जानेवारीचा एक नमुना घेऊन आलेख काढू नका. वर्षं मोजायची तर दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी या.

आकडा तरीही विचित्र आला, तर रसायनांना दोष देण्याआधी वर चालत जा. नवा राडारोडा पडलाय का, काठची झाडी तोडून काँक्रीट आलंय का, ओढा कुठे मिळतो? शेतं असतील तर उसाला पाणी कधी दिलं तेही विचारा. नायट्रेट जमिनीतून झिरपत येतं, त्यामुळे खत टाकल्यावर कित्येक दिवसांनीही आकडा चढू शकतो. खालीही बघा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी भीमेतून उजनी धरणात जाऊन थांबतं. वाहत्या नदीत न दिसलेला फॉस्फरस त्या साचलेल्या पाण्यात हिरवा तवंग होऊन वर येतो.

बाटलीचे नियम थोडक्यात. ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका. विंकलर पद्धत (मीटरऐवजी रसायनांनी ऑक्सिजन मोजायची) वापरत असाल तर रसायनं नदीकाठीच घाला, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ऑक्सिजन बदललेला असतो. जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक असते, ती नदीच्या पाण्याने विसळू नका. बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. बीओडीचे, म्हणजे घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात त्याचे आकडे शेजारी ठेवताना पद्धत बघा, आपल्याकडे 27 अंशांवर 3 दिवस चालते, परदेशी तक्त्यांत बहुधा 20 अंशांवर 5 दिवस.

लेबलवर जागा, काठ, तारीख आणि पाण्याचं तापमान लिहा, मागच्या तीन दिवसांत पाऊस झाला का तेही. वेळ मिनिटापर्यंत हवी. आणि पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई ओल्या हाताने पुसली जाऊ शकते.