सेटवरचा दागिना आणि सराफ्यातला दागिना

सेटवर ठुशी तीन अंतरांवरून बघितली जाते: लाँग, मिड आणि क्लोजअप. मानेमागे काय चाललंय ते कुणी विचारत नाही. तिथे सेफ्टी पिन असते, काळा दोरा असतो, वेळ पडली तर टेपसुद्धा. गिऱ्हाइकाची ठुशी तुटते ती नेमकी तिथेच. नाटक-मालिकांतून दागिने घडवून घेण्याकडे वळणाऱ्या इंदूरच्या मराठी अभिनेत्रींनी शिकायला सुरुवात करावी ती या मागच्या बाजूपासून. पुढची बाजू त्यांना बरीचशी येत असते.

कारण ती कॅमेऱ्याने शिकवलेली असते. आरशासारखा पॉलिश केलेला पत्रा दिव्याखाली पांढरा ठिपका होतो आणि नक्षी मरते. फार जवळजवळ कोरलेल्या रेघा स्क्रीनवर थरथरतात. बांगड्या आणि लांब सर संवादाच्या मध्ये वाजतात, म्हणून साउंडवाले ते आधी उतरवायला लावतात. बारा तास झुमके वागवले की वजनही कळतं. एका कानाला साधारण 10 ग्रॅमच्या वर गेलं की संध्याकाळी पाळी ओढली जाते. लग्नातल्या जड झुमक्यांना केसांत अडकवायची वेल असते ती निव्वळ शोभेची नव्हे, वजन उचलायला असते.

या शिकवणीचा एक तोटाही आहे. पडद्यासाठीचा दागिना जरा मोठाच निवडला जातो, त्यामुळे पहिल्या डिझाइनांत हमखास सगळं एक माप मोठं येतं. कागदावर काढलेला आकार कात्रीने कापून गळ्याला लावून घरच्या आरशात बघा, रिंग लाइटमध्ये नको.

या वाटेवर आधी गेलेल्यांकडे बघितलं तरी हेच दिसतं. नीलम कोठारी यांचा पहिला चित्रपट 1984 चा. घरचाच दागिन्यांचा व्यवसाय होता, तरी त्यांनी डिझाइनचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि मुंबईतलं त्यांच्या नावाचं दालन उघडलं ते 2011 मध्ये. प्राजक्ता माळी यांनी 2023 मध्ये ‘प्राजक्तराज’ सुरू केलं, ते पारंपरिक मराठी दागिन्यांवर बेतलेलं. म्हाळसा, तुळजा आणि सोनसळा असे त्याचे दागिन्यांचे तीन संग्रह. दोघींचे रस्ते वेगळे, पण दोघींनी एकच पट्टा धरला: एकीने हिरे आणि जडावाचा, दुसरीने जुन्या घडणीचा. नवखीने नथ, ऑक्सिडाइज्ड, टेराकोटा आणि हिरे असं सगळं एकदम मांडलं तर कारागीरही चार लागतात आणि हिशेबही चार ठेवावे लागतात.

पूर्णवेळ शिकायचं तर मुंबईला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी आहे. शूटिंग चालू असताना ते जमत नाही. मग इंदूरच्या सराफ्यात चांदीकाम करणाऱ्या कारागिराच्या बाकाशेजारी, त्याला मोबदला देऊन, दोन महिने बसा. वेळ सकाळची किंवा दुपारची. रात्री दुकानांची शटर पडली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडू येतात, तेव्हा कारागीर सापडला तरी बोलायच्या मनःस्थितीत नसतो. बघायचं काय, तर तार ओढणं, डाक देणं म्हणजे तापवून सांधा जोडणं, त्यासाठी टाकणखार कधी लावतात ते, आणि पॉलिशला दिल्यावर वजन किती उतरतं ते.

सुरुवात चांदीत करा. 925 म्हणजे 92.5 टक्के चांदी, बाकी बहुधा तांबं. 100 ग्रॅम शुद्ध चांदीत 8.1 ग्रॅम तांबं पडलं की 108.1 ग्रॅम माल होतो. हा आकडा पाठ असला की कुणी 15 ग्रॅम तांबं ‘मजबुतीसाठी’ घातलं तर लगेच कळतं. धातू देताना चिठ्ठी करा: तारीख, दिलेलं वजन, परत आलेला माल, परत आलेली कतरण (कापून उरलेले तुकडे), घट. 100 ग्रॅम दिले, 88 चा माल आणि 7 ची कतरण आली, तर घट 5. घटीची टक्केवारी काम द्यायच्या आधी बोलून ठेवायची. नंतर बोललात तर भांडण, आणि सराफ्यात भांडण सकाळी झालं तर दुपारपर्यंत सगळ्या बोळाला माहीत होतं.

चित्र एकास एक मापात, पुढून, बाजूने आणि मागून काढा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, खड्यांचा व्यास, अपेक्षित वजन आणि फिनिश त्याच कागदावर. इथे एक भलतीच साधी चूक होते: प्रिंटर चित्र पानात बसवण्यासाठी थोडं लहान करतो, आणि कारागीर त्या लहान कागदावरून घडवतो. म्हणून प्रत्येक कागदावर 50 मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि प्रिंट आली की आधी ती पट्टीने मोजा. तयार दागिन्यावरून रबराचा साचा केला तर त्यातून ओतलेली प्रत मूळापेक्षा थोडी लहानच येते. अंगठीत हा फरक लगेच बोचतो.

बांगडीचं माप आतल्या व्यासाचं असतं. दोन-चार म्हणजे 2 इंच आणि 4 सोळांश, सुमारे 57 मिलिमीटर. दोन-सहा 60.3, दोन-आठ 63.5. पेचाचे तोडे उघडतात, म्हणून ते एक माप लहान चालतात. रुंद कडं मात्र त्याच मापात घट्ट बसतं.

आता ती ठुशी. मणी पोकळ असतात, काहींत लाख भरलेली असते. लाख भरल्यावर डाक द्यायला घेतलं की लाख वितळून बाहेर येते, म्हणून तापवायचं सगळं काम आधी. बिलावर लाखेचं आणि खड्यांचं वजन वजा करून निव्वळ वजन वेगळं लिहा. ‘35 ग्रॅमची ठुशी’ म्हणून विकलेल्या मालात चांदी 24 ग्रॅम निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या सोनाराकडे वजन करेपर्यंतच तुमचं नाव चांगलं. दोरा तुटतो तो बहुतेक वेळा ओवणाऱ्याच्या चुकीने नाही. मण्याच्या भोकाची कड धारदार राहिलेली असते आणि ती आतून दोरा कापत राहते. ओवायला देण्यापूर्वी दहा मणी उचला, भोकातून सुताचा पांढरा धागा पाच-सहा वेळा मागे-पुढे ओढा. धाग्याला लव आली की माल परत. मागचा गोंडा दोन-तीन इंच सरकेल असा ठेवला की एकच ठुशी सासू-सून दोघींना होते, आणि इंदुरात तेच बघून घेतात.

महेश्वरी साडीच्या किनारीतली वीट किंवा चटई दागिन्यात आणायचा मोह सगळ्यांना होतो आणि तो चुकीचा नाही. पण खाच अगदी बारीक ठेवली तर पॉलिशचा मसाला तिथे अडकतो आणि महिन्याभरात नक्षी मळकट दिसते. कमीत कमी पाऊण मिलिमीटर रुंदी द्या. मोती साफसफाईच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू नका, पाचूही नको, त्यातलं तेल निघून जातं.

‘वन ग्रॅम गोल्ड’ म्हणजे दागिन्यात एक ग्रॅम सोनं नव्हे, तो मुलामा. विकायचा तर मुलामा किती मायक्रॉनचा ते विचारून घ्या आणि खाली निकेल आहे का तेही विचारा, कारण कान चिघळतात ते बऱ्याचदा निकेलमुळे.

किंमत काढताना अभिनेत्री सर्वांत जास्त चुकतात. हिशेब सोपा जावा म्हणून चांदी 100 रुपये ग्रॅम धरू, तुम्ही त्या दिवसाचा भाव घाला. 18 ग्रॅमचे 1800, सहा टक्के घट 108, मजुरी ग्रॅमला 25 म्हणजे 450, खडे आणि ओवणं 250, पॉलिश 80, डबी 120. झाले 2808. बदली आणि दुरुस्तीसाठी 5 टक्के धरले की 2950 च्या आसपास. 3500 ला थेट विकलं तर साडेपाचशे हातात. तोच दागिना 30 टक्के कमिशनवर दुकानात ठेवला तर तुम्हाला मिळतात 2450, म्हणजे पदरचे पाचशे गेले. दुकानात ठेवायचं मनात असेल तर पहिल्या दिवसापासून किंमत 4800 लावा. वरचा 3 टक्के जीएसटी वेगळा.

कागदांपैकी करार आधी वाचा. मालिकेच्या वेशातले फोटो निर्मात्याचे किंवा वाहिनीचे असतात, ते दागिन्यांच्या जाहिरातीत परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. दुसऱ्या सराफाची जाहिरात केली असेल तर त्या करारात ठरावीक काळ याच क्षेत्रात काम न करण्याची अट असू शकते. नावाची ट्रेडमार्क नोंदणी चौदाव्या, म्हणजे दागिन्यांच्या वर्गात करा, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी 4500 रुपये. सोन्यात उतराल तेव्हा शिक्का बघायला शिका: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हा एचयूआयडी बंधनकारक आहे. एका गिऱ्हाइकाकडून एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका.

मुंबईला शूटिंगला जाताना नमुने न्यायचे असतील तर सोबत डिलिव्हरी चलन ठेवा, त्यावर नगांची संख्या आणि वजन हवं. आणि चांदीच्या डब्या एकत्र बांधायला रबरबँड वापरू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते, आणि नवी कोरी नथ डबी उघडताना जुनी दिसते. सुती दोरा बांधा.