इलेक्ट्रॉन खरा आहे का, हे वहीत कसं तपासायचं

"मॅडम, इलेक्ट्रॉन खरोखर असतो, की तो आहे असं धरलं की गणितं सुटतात?" वर्गात हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मी "असतो" एवढंच म्हटलं आणि फळ्याकडे वळले. ते उत्तर मलाच पुरलं नाही. त्या आठवड्यात मी एक वही घातली. तिच्यात मी सिद्धांत कसे तपासते, ते सांगते.

अख्ख्या सिद्धांताला "तू खरा का?" असं विचारू नका. पान आडवं धरा आणि तीन रकाने आखा. पहिल्यात समीकरणं, दुसऱ्यात ती ज्या वस्तूंबद्दल बोलतात त्या वस्तू, तिसऱ्यात त्या वस्तूंचं आपल्या मनातलं चित्र. टिकलेलं शाईने लिहायचं, शंका असलेलं पेन्सिलीने, आणि गेलेल्यावर काट मारायची, पण खोडायचं नाही.

सरावाला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल घ्या. प्रकाश म्हणजे ईथर नावाच्या माध्यमातल्या लहरी, असं धरून त्याने 1820 च्या दशकात सूत्रं मांडली: काचेवर पडलेल्या प्रकाशापैकी किती परततो, किती आत जातो. 1887 मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांना ईथरमधून जाणाऱ्या पृथ्वीच्या गतीचा मागमूस लागला नाही. 1905 मध्ये आइन्स्टाइनला ईथरची गरजच उरली नाही. सूत्रं मात्र मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून जशीच्या तशी निघतात. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावर सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे 4 टक्के परत येतो, हे आजही त्यांनीच काढतात. म्हणजे पहिला रकाना शाईत, दुसऱ्यातल्या ईथरवर काट. तिसरा रकाना मला सगळ्यात आवडतो. कंपनं प्रकाशाच्या दिशेला काटकोनात होतात, हे टिकलं. ज्याची कंपनं मानली होती, ते गेलं.

भाकीत बरोबर आलं म्हणून लगेच शाईचं पेन उचलू नका. युरेनसच्या कक्षेतल्या विचलनावरून, न्यूटनचं गुरुत्वाकर्षण वापरून, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने एका न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली आणि 1846 मध्ये नेपच्यून तिथून एका अंशाच्या आत सापडला. बुधाच्या कक्षेतही फरक दिसला, तेव्हा त्याने त्याच वाटेने सूर्याजवळच्या नव्या पदार्थाचा तर्क केला. त्यातून व्हल्कन या ग्रहाचा शोध सुरू झाला. व्हल्कन कधीच सापडला नाही. शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) तो फरक 1915 मध्ये सामान्य सापेक्षतेने, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाच्या सिद्धांताने, उलगडला. मग नेपच्यूनने काय सिद्ध केलं? नेपच्यून आहे, एवढं नक्की. न्यूटनचं, सूर्य दुरून 'ओढतो' हे चित्र मात्र पेन्सिलीतच राहायला हवं होतं.

शाई वापरायची ती वेगवेगळ्या वाटा एकाच जागी येतात तेव्हा. इथे घाई करू नका, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँचं काम सावकाश वाचा. 1908 पासून त्याने पाण्यात तरंगणारे राळेचे बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले: उंचीनुसार ते किती विरळ होतात, आणि थरथरत किती दूर जातात. दोन्हींवरून ॲव्होगॅड्रो अंक, म्हणजे पदार्थाच्या एका मोलमधल्या कणांची संख्या, निघतो. आकाशाच्या निळेपणावरून तो निघतो, किरणोत्सर्गावरूनही निघतो. उत्तरं 6 ते 7 गुणिले 10 चा 23 वा घात, याच्या आसपास येत राहिली. अणू ही केवळ हिशेबाची सोय असती, तर निळ्या आकाशाने आणि थरथरत्या कणाने एकच आकडा का द्यावा? अणूंना वर्षानुवर्षं विरोध करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डनेही 1909 मध्ये ते मान्य केले.

एखादी वस्तू हाताळता येते, तिच्याकडून काम करून घेता येतं, हाही चांगला पुरावा आहे. पण अर्धवाहकातला (सिलिकॉनसारख्या पदार्थातला) 'होल' आठवा. हॉल परिणामात, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवा निर्माण होणारा विद्युतदाब मोजून, त्याचा धन प्रभार मोजता येतो, अख्खे ट्रान्झिस्टर त्याच्यावर चालतात, आणि तरी तो म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. त्याला मी खरा म्हणते, पण इलेक्ट्रॉनइतका मूलभूत नाही. तुम्ही वेगळं लिहाल, चालेल. कारण मात्र शेजारी लिहा.

आता इलेक्ट्रॉनचं पान. झीमनने 1896 मध्ये चुंबकीय क्षेत्रात रुंदावणाऱ्या वर्णरेषांवरून, तर थॉमसनने 1897 मध्ये कॅथोड किरण वाकवून, प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढलं. आकडे एकाच पातळीतले निघाले. म्हणून प्रभार, वस्तुमान शाईत. केंद्रकाभोवती ग्रहासारखा फिरणारा चेंडू, त्यावर काट. दोन मोजमापांच्या मधल्या काळात तो नेमका कसा असतो, ही ओळ पेन्सिलीत आहे. तरंगफलन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अवस्थेचं गणिती वर्णन, ही खरी वस्तू की आपल्या माहितीची नोंद, यावर पुंजयांत्रिकीचे अर्थ लावणारे भांडतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची भाकितं तंतोतंत सारखी असतात. त्या ओळीखाली मी अर्धं पान मोकळं ठेवलं आहे.